पोरगी चढली की नाही

४ सप्टेंबर, शुक्रवार

लागला एकदाचा! महिनाभर रस्त्यातल्या एकेका भिंतीवर ती पोरगी — खांद्याला पिशवी, गाल फुगवलेले, जसं काही आपणच तिचं घोडं मारलंय. आमच्या नातीच्या, टाचणीच्या, वर्गात म्हणे दुसरा विषयच नाही. "आजी, हा सिनेमा म्हणजे आम्हीच आहोत." म्हटलं, तुम्ही घरात फुकट बघायला मिळता, त्याला तिकीट कशाला?

हे ती लिहीत नव्हती. लिही म्हटलं. वही माझी, तोंड माझं. हात तेवढा तुझा.

तर — बारा, तीन, सहा, तिन्ही खेळ हाउसफुल्ल. नऊच्या खेळाला दुसरी बाई असते, तिचं तिला माहीत. बायकांच्या बाथरूमपासून रांग थेट जिन्यापर्यंत. एकवीस वर्षं त्या दाराशी स्टुलावर बसते आहे, फरशी पुसते, कागद भरते, भांडणं सोडवते. अशी रांग शेवटची बघितली तेव्हा तोंडातले दात माझे स्वतःचे होते.

सिनेमा चालला की पडला हे लोकांना पेपरातून कळतं, मला नळावरून. रडून आलेली बाई नळ पूर्ण सोडते, नाक शिंकरल्याचा आवाज झाकायला. कंटाळलेली बाई नळाला हातही लावत नाही, आरशात केस बघते आणि जेवायचं काय ते ठरवते. आज चारही नळ पूर्ण. साडेपाचला टाकी रिकामी! मॅनेजर जिन्यावरून खाली, पंप लावा, पंप लावा. त्याला काय ठाऊक, पाणी कुठे गेलं.

५ सप्टेंबर

आज नळ कमी, तोंडं जास्त. भांडण शेवटावरून आहे.

तुकड्या तुकड्यांनी गोष्ट कळली ती अशी. पोरगी सतरा वर्षांची. आई नाही. बाप बस चालवतो आणि बोलत नाही — घरात तीन माणसांचं न बोलणं तो एकटाच करतो. पोरीला लांब शिकायला जायचंय. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. शेवटी पहाटे ती पिशवी घेऊन स्टॉपवर उभी राहते, आणि येते ती बापाचीच बस. तो दार उघडतो. ती खाली उभी. आणि पडदा काळा! नावं सुरू! चढली की नाही ते दाखवतच नाहीत.

"एवढे पैसे घेतात आणि शेवट आपणच करायचा?" एक बाई. दुसरी म्हणाली, "अहो चढली ती. डोळ्यांत दिसत होतं." तिसरी, तोंडात केसांची पिन धरून: "डोळ्यांत काय दिसतंय, बापाला टाकून जाईल का ती?" तिन्ही एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होत्या. तिघींचे हात साबणाचे. मागची रांग थांबलेली. शेवटी मी म्हटलं, बायांनो, हात धुवा, पोरीचं ती बघेल.

टाचणी विचारते, "आजी, तूच आत जाऊन बघ ना शेवट." तिला दहा वेळा सांगितलंय — सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी मी स्टुलावर पाहिजे, हा नियम. सुरुवाती मला हव्या तेवढ्या मिळतात. शेवट मात्र एकवीस वर्षांत एकही पाहिला नाही. शेवट माझ्याकडे चालत येतो, पदराला डोळे पुसत.

६ सप्टेंबर

रविवार. स्टुलावर टेकले नाही. आज गुडघे बोलतात, मी नाही.

८ सप्टेंबर

मोजदाद करायला घेतली आहे. चढली म्हणणारीसाठी उजव्या खिशात एक काडी, नाही चढली म्हणणारीसाठी डाव्या. काड्या दात कोरायच्या, कॅन्टीनमधून आणलेल्या. कॅन्टीनवाला विचारतो, "मावशी, दात तर खोटे, एवढ्या काड्या कशाला?" म्हटलं, खोट्या दातांनाही सवय असते.

गंमत अशी. पोरी सगळ्या उजव्या खिशात. चढली, चढली, चढणारच. त्यांच्या आया डाव्या खिशात. एक आई आणि मुलगी एकाच वेळी आत आल्या, दोन बेसिनांवर उभ्या राहिल्या, आरशातून एकमेकींकडे बघत राहिल्या. आईने कागद घेतला आणि मुलीच्या गालावरचं काजळ पुसलं, तेही आरशातच बघून. मला दोघींची काडी टाकता आली नाही.

एक ठसक्याची बाई मात्र म्हणाली, "एवढं डोक्यावर घेतलंय, त्यात आहे काय? गाणं नाही, नाच नाही. माझ्या आयुष्यावर काढला असता तर तीन मध्यंतरं लागली असती." मी म्हटलं, बाई, चौथं मध्यंतर माझ्याकडे काढा, बसायला स्टूल देते. हसली. मग नळ सोडला. पूर्ण.

मशीनवाल्याला विचारलं, तू वरून रोज बघतोस, सांग काय ते. म्हणतो, "मी त्या वेळी पुढच्या खेळाचं लावत असतो." तिकीटखिडकीवाले म्हणतात, "मी हिशेब जुळवत असतो." म्हणजे अख्ख्या थिएटरात शेवट न बघणारे आम्हीच!

टाचणी हसून हसून लोळली. लिहिताना अक्षर वाकडं आलं म्हणते. येऊ दे. मला कुठे वाकडंसरळ कळतंय.

१० सप्टेंबर

आज तीनच्या खेळाला टाचणी मैत्रिणींबरोबर जाते आहे. मी बजावलंय — माझ्याकडे यायचं नाही, रांगेत मध्येच घुसवणार नाही, नात असली म्हणून काय झालं.

११ सप्टेंबर

कालचं आज लिहितो आहोत. लेक, टाचणीची आई, कामाला गेली — ती पडदे शिवते, कालपासून तिच्या कारखान्यात कुठल्याशा सभागृहाचे चाळीस पडदे आले आहेत — आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. टाचणी मांडी घालून, वही गुडघ्यावर.

विचारलं, कसा वाटला? "बरा आहे." महिनाभर नाचत होतीस, आणि बरा आहे? चढली का पोरगी? म्हणाली, "नाही चढली." एवढंच. आणि पेनाचं टोपण चावायला लागली.

काल सिनेमा सुटल्यावर ती आली नाही माझ्याकडे, सांगितल्याप्रमाणे. पण तिच्या वर्गातल्या दोघी आल्या. मला ओळखत नव्हत्या.

१२ सप्टेंबर

शनिवार. टाकी पुन्हा रिकामी.

१४ सप्टेंबर, सोमवार

आजचं अक्षर खिडकीवाल्यांचं आहे. दुपारचा दीड, खिडकी बंद, ते त्यांच्या उंच खुर्चीत आणि मी खाली माझ्या स्टुलावर. वही मी कागदांच्या गुंडाळ्यांच्या पिशवीतून आणली. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, "सदर वहीत सदर इसम..." म्हटलं, सदर-बिदर नको, मी बोलते ते लिहा.

आधी त्यांच्याकडून शुक्रवारचं वाचून घेतलं. कारण असं. मला अक्षर येत नाही, पण पेनाचा आवाज येतो. शुक्रवारी मी बोलत होते आणि पेन चालत नव्हतं. मी पुढे बोलत राहिले, ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "झालं लिहून." म्हटलं बरं.

खिडकीवाले वाचतात, "मला ओळखत नव्हत्या." मग? "मग काही नाही, मावशी. पुढे शनिवारची टाकी."

म्हणजे नाहीच लिहिलं. तर आता लिहा.

त्या दोघी बेसिनाशी उभ्या. पहिली म्हणाली, "टाचणी येडी आहे. जहाजाच्या इंजिनाच्या शिक्षणाला अख्ख्या किनाऱ्यावरून सहा मुली घेतल्या, त्यात ही. आणि ही जाणार नाहीये." दुसरी: "एकवीस तारखेपर्यंत कळवायचंय ना?" पहिली: "घरी सांगितलंच नाही तिने. आजीला अक्षर येत नाही, औषधं, बस, कागद, सगळं हीच वाचते. म्हणते, मी गेले तर आजीचं कोण वाचणार?" दुसरी हात पुसत म्हणाली, "मग सिनेमातल्या बापापेक्षा हिची आजी वाईट की."

मी त्यांना कागद दिला. दोघी थँक्यू म्हणाल्या. चांगल्या घरातल्या पोरी.

खिडकीवाले लिहायचे थांबले. म्हटलं, तुम्हीही? लिहा!

मग त्यांना म्हटलं, आलोच आहोत तर मागचंही चाळा. जिथे मी टाचणीबद्दल काही बोलले ते वाचा. त्यांनी चष्मा वर केला आणि तीन वर्षांचं चाळलं. तिची चेष्टा जशीच्या तशी. तिला रागावले ते जसंच्या तसं, वर तारीख. पण मी सांगितलं होतं की पोर वर्गात पहिली आली, मिक्सर तिने एकटीने उघडून नीट केला, तिच्या हाताला यंत्र कळतं — त्यातलं काही नाही. "स्तुती एकही नाही, मावशी," खिडकीवाले म्हणाले. "शिव्या मात्र हिशेबासारख्या चोख."

बावळट पोर. आपलंच नाव खोडून वही माझी भरली.

१५ सप्टेंबर

पुन्हा टाचणीचं अक्षर. काल दुसऱ्याचं अक्षर बघून तिने वही ओढली आणि उभ्या उभ्या वाचलं. नाक लाल. मी म्हटलं, नळ सोड हवं तर.

म्हटलं, आता मी बोलणार आणि तू लिहिणार. पेन थांबलं की मी थांबणार. मग बसू दोघी संध्याकाळपर्यंत.

तर लिही. सकाळची गोळी खडबडीत आहे, रात्रीची गुळगुळीत. रक्तदाबाची अर्धी करायची ती मधून चिरलेली असते. पाकीट बदललं तर औषधवाला सांगतो, त्याला तोंड आहे. ही गोष्ट तुझ्या जन्माआधीपासून मला माहीत आहे.

आपली बस. रोज सकाळी स्टॉपवर तू म्हणतेस, "आजी, आली आपली." आणि मी म्हणते, होय का गं? ती बस मला वळणाच्या अलीकडूनच कळते. तिचं इंजिन घसा बसलेल्या माणसासारखं बोलतं, आणि ब्रेक मारला की शेवटी हुश्श करतं. बाकीच्या बसेस हुश्श करत नाहीत.

थांबू नको! लिही.

विजेच्या बिलावर लाल पट्टी असते. पाण्याच्या बिलावर निळी. शाळेतून आलेल्या कागदाला खडूचा वास यायचा.

सगळं मला येत होतं. तू सहा वर्षांची झालीस, अक्षर लावायला लागलीस, एक दिवस दुकानाची पाटी वाचून दाखवलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही तू मला दुकान विकत घेऊन दिलंस. त्या दिवसापासून मला काही येईनासं झालं. मुद्दाम. तुझा आवाज ऐकायला. अकरा वर्षं मी तुझ्याकडून वाचून घेतलं, नडलं होतं म्हणून नाही. गोड लागत होतं म्हणून.

आता ते तुझ्या पायात आलं, त्याला मी जबाबदार. आजी वाईट नाही गं. आजी लबाड.

लिहिलंस? वाच बघू.

वाचलं. सगळं लिहिलंय. शेवटी एक ओळ तिने तिच्या मनाची घातली आहे, तीही वाचून दाखवली: "आजी, बसचं मला माहीत होतं. तू माझ्या आधी पिशवी उचलायचीस."

१६ सप्टेंबर

लेकीला सांगितलं. कोणी, हा प्रश्न होता. टाचणी माझ्याकडे बघते, मी टाचणीकडे. शेवटी टाचणीने निवडीचं पत्र ताटाशेजारी ठेवलं. लेकीने हात पुसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "किती लांब?" दीड दिवस गाडीने. "किती वर्षं?" चार. "इंजिन म्हणजे तेलात हात घालायचे?" हो.

उठली, ताटं घासली. हिला सिनेमात घ्यायला हवं होतं, त्या बापाच्या जागी.

१७ सप्टेंबर

लेक अजून बोलत नाही. पण कारखान्यातून पडद्याच्या कापडाचा उरलेला तुकडा आणलाय, जाड, गडद हिरवा. जमिनीवर पसरून खडूने रेघा मारते आहे. विचारलं, कसलं गं? म्हणाली, "मापं घेतेय." कसलं माप? "आई, तू ना, गप्प बस." म्हणजे बोलली म्हणायची.

१८ सप्टेंबर

तिसरा आठवडा सुरू. आता येणाऱ्या बायका दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेल्या. गर्दी पांगली, पण ज्या येतात त्या सिनेमा मनावर घेऊन येतात. एक म्हातारी, माझ्याच वयाची, काठी टेकत आली. चढली की नाही विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? मी त्या बापाकडे बघत होते. दार उघडं धरून बसलाय बिचारा. हात दुखत असेल."

काडी कुठल्या खिशात टाकायची? तिसरा खिसा नाही. तोंडात धरली दिवसभर.

टाचणी म्हणते, "विचार करतेय." तिला म्हटलं, कर. सोमवारपर्यंत कर. मी काही म्हणणार नाही. जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही. "आजी, तू काही म्हणत नाहीस हे तू आज सातव्यांदा म्हणालीस."

लबाडाची नात.

२० सप्टेंबर

हिरव्या कापडाची पिशवी झाली. दोन बंद, आत चार कप्पे, एक पेनाचा. दाराच्या खिळ्याला टांगली आहे. तिघीही तिच्याखालून ये-जा करतो. कोणी तिच्याकडे बघत नाही.

२१ सप्टेंबर

आज शेवटचा दिवस. टाचणी सकाळी म्हणाली, "पेन संपलं, आणायला जाते." दुकान समोरच आहे. दोन तासांनी आली. हातात पेन नव्हतं. मी विचारलं नाही.

हे जुन्याच पेनाने लिहिते आहे. चांगलं चालतंय की!

२ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहा, खिडकीवाले. आजपासून अक्षर तुमचं.

सिनेमा काल उतरला. परवा संध्याकाळी हिरवी पिशवी घेऊन टाचणी गाडीत बसली. लेक स्टेशनवर बोलली नाही, गाडी हलल्यावर धावली.

काल सहाच्या खेळाला मी लेकीला माझ्या स्टुलावर बसवलं आणि आत जाऊन पाठीमागच्या खुर्चीत बसले. संपेपर्यंत. मॅनेजरला काय करायचं ते करू दे. बस आली, बापाने दार उघडलं, पडदा काळा झाला. झालं, लोक उठले, खुर्च्या आपटल्या, चढली, नाही चढली, सुरू. मी डोळे मिटून बसले, सवयीने. नावं वर जात असताना, त्या गोंगाटाखाली, खरंच, अगदी हळू — पत्र्याच्या पायरीवर एक पाऊल वाजलं. मग दार लागलं. मग बसने हुश्श केलं.

काड्या फेकून दिल्या. इथे कोणाला सांगू नका, भांडू देत बायकांना.

तिच्या पत्त्यावर तेवढं कळवा.